बहुस्वरता : एका संज्ञेची यंत्रावर झालेली तपासणी

'बहुस्वरता' ही संज्ञा मराठी समीक्षेत आता इतकी रुळली आहे, की ती वाचताना कोणी थबकत नाही. कादंबरीत एकाहून अधिक निवेदक असले, की ती बहुस्वर ठरते. पात्रे निरनिराळ्या बोली बोलत असली, की तीही बहुस्वर. लेखकाने एखाद्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू समतोलपणे मांडल्या, की त्यालाही हेच विशेषण लागते. अध्यापन करताना आणि प्रबंध तपासताना हे तिन्ही वापर मला वारंवार भेटतात. पुष्कळदा एकाच प्रकरणात, एकाच कादंबरीच्या संदर्भात. संज्ञेचा असा विस्तार झाला म्हणजे तिची धार बोथट होते, ही तक्रार जुनीच आहे आणि ती पुन्हा करण्याचा माझा हेतू नाही. या तीन वापरांमागे तीन वेगळ्या कल्पना आहेत आणि त्या एकमेकींपासून सुट्या करता येतात, एवढेच मला दाखवावयाचे आहे. त्या सुट्या करणे मला जमले ते एका ध्वनियंत्राच्या सान्निध्यात. म्हणून हा लेख थोडा समीक्षेचा आणि थोडा त्या यंत्राचा आहे.

घोटाळ्याचे मूळ काही अंशी आपल्या भाषेत आहे. मराठीत 'स्वर' म्हणजे सप्तकातले स्थान : षड्ज, गांधार, पंचम. 'स्वर' म्हणजे कोणाचा तरी आवाज. ओळखीच्या माणसाचा स्वर आपण अंधारातही ओळखतो. आणि 'स्वर' म्हणजे बोलण्याचा रोख. त्याच्या बोलण्यात तक्रारीचा स्वर होता, असे आपण म्हणतो तेव्हा सप्तकातील स्थान किंवा कंठाचा पोत यांपैकी काहीच आपल्याला अभिप्रेत नसते. स्थान, आवाज आणि रोख हे तीन अर्थ एका शब्दात नांदतात, ही त्या शब्दाची समृद्धी आहे. परंतु पारिभाषिक संज्ञा घडवताना तीच अडचण होऊन बसते. अनेक स्थाने, अनेक आवाज आणि अनेक रोख या तीन गोष्टी 'बहुस्वर' या एकाच शब्दाने सांगितल्या जातात आणि त्यांपैकी कोणती सांगितली, हे सांगणाऱ्यालाही नेहमी ठाऊक असतेच असे नाही.

यंत्राकडे वळण्यापूर्वी त्यात घातलेल्या आवाजाविषयी सांगावयास हवे. २००३ साली मी प्रबंधासाठी ओव्यांचे संकलन करीत होते. माढा तालुक्यातील आमच्या गावी तोवर घरोघरची जाती परसात जाऊन पडली होती, पण लग्नातली हळद दळावयाला ती अजून आत आणली जात. चुलत बहिणीच्या लग्नात आई आणि आत्या एका जात्यावर समोरासमोर बसल्या होत्या. एकच खुंटा दोघींनी धरलेला होता. मी शेजारी कॅसेट रेकॉर्डर ठेवला. त्या ध्वनिफितीची एक बाजू त्या दोघींनीच भरलेली आहे. आज त्यांपैकी कोणीही हयात नाही.

माझ्या बहिणीचा मुलगा पुण्यात संगीत-संयोजनाचे काम करतो. ही फीत संगणकावर उतरवून घेण्याच्या निमित्ताने तो आला, तेव्हा त्याच्याजवळ एक सॅम्पलर होता : स्वीडनमधील एलेक्ट्रॉन या कंपनीने २०१७ साली आणलेला डिजिटॅक्ट. सॅम्पलर म्हणजे कोणताही ध्वनी नमुन्यादाखल साठवून तो पट्टीवरच्या वेगवेगळ्या स्वरांत वाजवता येईल असे यंत्र. आजीच्या आवाजातला एखादा दीर्घ स्वर घ्यावा आणि त्याचा वृंद करून आपल्या एका रचनेत तो आधारासारखा वापरावा, अशी भाच्याची इच्छा होती. त्याने फीत दोनदा ऐकली आणि म्हणाला, "मावशी, आजी एकटी अशी तीनच सेकंद आहे." आत्या जात्यात वैरण घालावयास वाकली होती, त्या क्षणी आईच्या ओळीचा शेवटचा स्वर लांबला होता. तेवढा तुकडा त्याने कापून घेतला.

तो तुकडा यंत्रात घालून भाच्याने पट्टीवरच्या तीन कळा एकत्र दाबल्या. ऐकू आला तो एकच स्वर. या यंत्रात ध्वनीचे आठ ट्रॅक असतात. आठ ट्रॅकवर आठ वेगवेगळे नमुने ठेवता येतात आणि ते एकाच वेळी वाजूही शकतात. परंतु प्रत्येक ट्रॅक एका वेळी एकच स्वर काढतो. त्याच ट्रॅकवर दुसरा स्वर आला, की पहिला कापला जातो. "एका ट्रॅकला एकच गळा आहे, मावशी. नवा आला की जुना गेला," असे भाच्याने त्याचे वर्णन केले. पाश्चात्य वाद्यनिर्मितीच्या परिभाषेतही ध्वनी उत्पन्न करणाऱ्या घटकाला 'आवाज' याच अर्थाचा शब्द आहे. १९७८ साली आलेल्या प्रॉफेट-५ या सिंथेसायझरच्या नावातला पाचाचा आकडा अशा पाच आवाजांचा आहे. तेव्हा आमच्या यंत्रात आवाज आठ होते, पण एका नमुन्याच्या वाट्याला त्यांतला एकच येत होता.

यातून वाट काढण्यासाठी जी युक्ती योजतात, ती समजण्यासाठी 'मिडी' या संकेतप्रणालीची थोडी माहिती आवश्यक आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे, म्हणून अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला आणि जानेवारी १९८३ मध्ये दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून ही प्रणाली जाहीरपणे दाखविण्यात आली. मिडीच्या तारेतून ध्वनी जात नाही, आज्ञा जाते. कोणती कळ दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली, एवढेच तीत असते. कळांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत. मधला षड्ज, म्हणजे पाश्चात्यांचा मध्य-सी, साठाव्या क्रमांकावर येतो. आज्ञा कोणासाठी आहे हे सांगण्यासाठी १ ते १६ असे चॅनेल-क्रमांक असतात. एकाच तारेला सोळा वाद्ये जोडली, तरी प्रत्येक वाद्य आपल्या क्रमांकाची हाक आली तरच उत्तर देते.

मिडीचा आणखी एक गुण मला विशेष उद्बोधक वाटला. या तारेतून एका वेळी एकच आज्ञा जाऊ शकते. वेग सेकंदाला ३१,२५० बिटांचा आहे. स्वराच्या एका आज्ञेला तीस बिटे लागतात. म्हणजे प्रत्येक स्वराला सुमारे एक सहस्रांश सेकंद. तीन कळा हाताने अगदी एकाच क्षणी दाबल्या, तरी तारेत त्या एकामागोमाग एक अशाच शिरतात. आपल्या कानाला हे अंतर कळत नाही, म्हणून आपण त्याला एकसमयावच्छेद म्हणतो. छापील ओळीचेही असेच आहे. कादंबरीत दोन माणसे एकदम बोलू शकत नाहीत. वाक्यामागून वाक्यच येते. बहुस्वरता म्हणून जे काही असेल ते या क्रमातच निर्माण व्हावयाचे असते.

आता युक्ती. पट्टी आणि सॅम्पलर यांच्या दरम्यान भाच्याने संगणकावरील एक लहानसा मार्गनियोजक बसवला. पट्टीवरून सर्व आज्ञा पहिल्या चॅनेलवर येत. पहिली कळ नियोजक पहिल्या चॅनेलवर धाडी, दुसरी दुसऱ्या, तिसरी तिसऱ्या. आठव्यानंतर पुन्हा पहिल्याची पाळी. सॅम्पलरच्या आठ ट्रॅकना हेच आठ चॅनेल नेमून दिले आणि आठही ट्रॅकवर आईचा तोच तीन सेकंदांचा नमुना ठेवला. आता प्रत्येक स्वराला स्वतंत्र गळा मिळाला. नियोजकाला आणखी एक काम करावे लागते : कोणती कळ कोणत्या चॅनेलवर पाठवली, हे लक्षात ठेवणे. कळ सोडल्याची आज्ञा त्याच चॅनेलवर जावी लागते. ती भलतीकडे गेली, तर सुटलेला स्वर आपला वाजतच राहतो. नववा स्वर आला आणि कोणीच मोकळे नसले, तर सर्वांत जुन्या स्वराचा गळा काढून त्याला द्यावा लागतो. या व्यवसायात त्याला आवाजाची चोरी म्हणतात. नमुन्याच्या उजळपणात किंवा मोठेपणात बदल करावयाचा झाला, तर ती आज्ञा आठही चॅनेलना सारखीच द्यावी लागते. एकाने जरी वेगळे वळण घेतले, तरी वृंदातला एक गळा परका वाटू लागतो.

पहिला ट्रॅक मोकळा झाला असतानाही पुढचा स्वर नवव्या पाळीपर्यंत त्याला का देत नाहीस, असे मी विचारले. कळ सोडल्यानंतरही स्वराचा लोळ काही काळ रेंगाळतो. लगेच त्याच गळ्याला दुसरा स्वर दिला तर तो लोळ तुटतो, असे त्याचे उत्तर होते. हे ऐकताच मला तंबोरा आठवला. तंबोऱ्याच्या चार तारा कधीच एकदम छेडल्या जात नाहीत. पंचम, मग जोडीच्या दोन तारा, मग खर्ज, अशा त्या पाळीपाळीने छेडल्या जातात. पण एकीचा नाद विरण्याआधी दुसरीचा सुरू होतो, आणि ऐकणाऱ्याला चारही तारा सतत एकत्र नांदताना ऐकू येतात. एकाच तारेवर चारही आघात केले असते, तर प्रत्येक आघाताने आधीचा नाद पुसला गेला असता.  मार्गनियोजकाने सॅम्पलरच्या आठ ट्रॅकचा जणू आठ तारांचा तंबोरा केला होता.

परिणाम ऐकण्यासारखा होता. षड्ज, गांधार आणि पंचम असे तीन स्वर एकत्र उमटले, तेव्हा आईचा आवाज तीन ठिकाणांहून आला. मात्र लक्ष देऊन ऐकल्यावर त्यातले काही विशेष जाणवू लागले. या यंत्रात स्वर चढवावयाचा म्हणजे नमुना अधिक वेगाने वाजवावयाचा. त्यामुळे षड्जावर तीन सेकंद टिकणारा नमुना पंचमावर दोन सेकंदांत आणि वरच्या षड्जावर दीड सेकंदात संपतो. स्वर एकत्र सुरू होतात, पण एकत्र संपत नाहीत. शिवाय वेगाबरोबर कंठाचा पोतही सरकतो. वरच्या षड्जावरची आई लहान मुलीसारखी ऐकू येत होती, खालच्या षड्जावरची एखाद्या थकलेल्या पुरुषासारखी. एकाच बाईची निरनिराळी वये एकत्र गात आहेत, असा भास होई. परंतु श्वास एकच होता. स्वराच्या सुरुवातीला आईच्या गळ्यात आलेली बारीकशी खरखर प्रत्येक स्वराच्या त्याच जागी, फक्त लवकर किंवा उशिरा, परत येत होती.

संगीतशास्त्राच्या आपल्या क्रमिक पुस्तकांत नादाचे तीन धर्म सांगितलेले असतात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जात. सनईचा आणि सारंगीचा षड्ज एकाच उंचीचा व तितकाच मोठा असला, तरी आपण ते वेगळे ओळखतो ते त्यांच्या जातीमुळे. ही परिभाषा वापरून आमच्या प्रयोगाचा हिशेब मांडता येईल. मूळ अवस्थेत यंत्राजवळ आठ जातींचे आठ आवाज होते आणि प्रत्येकाला एका वेळी एकच उच्चनीचता होती. मार्गनियोजनानंतर एका जातीच्या आवाजाला एका वेळी आठ उच्चनीचता मिळाल्या, आणि त्यासाठी उरलेल्या सात जाती यंत्राबाहेर गेल्या. एका नमुन्याला अनेक स्वर हवे असतील, तर अनेक नमुन्यांच्या जागा त्याला द्याव्या लागतात. वाद्यांच्या व्यवहारात या दोन गुणांना दोन निराळी नावे आहेत. एक अनेक स्वर एकत्र काढण्याची क्षमता, दुसरी अनेक जातींचे नाद एकत्र वाजवण्याची. आमच्यापुढच्या यंत्रात जागा आठच असल्यामुळे एकीची किंमत दुसरीत मोजावी लागत होती. मराठी समीक्षेत मात्र दोहोंना मिळून एकच शब्द आहे.

हा हिशेब मांडल्याबरोबर मला शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय'ची आठवण होणे स्वाभाविक होते. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत नऊ भाग आणि सहा निवेदक आहेत : कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. निवेदकांच्या या संख्येमुळे ती बहुस्वर असल्याचे विधान मी किती प्रबंधांत वाचले असेल, याची मोजदाद नाही. आणि ही कादंबरी वाचताना प्रत्येकाला जाणवते ती गोष्ट अशी, की सहाही निवेदक एकाच अलंकृत, उपमाप्रचुर भाषेत बोलतात. सारथ्याच्या घरातला शोण आणि द्वारकेचा कृष्ण यांच्या वाक्यरचनेत फारसे अंतर नाही. आठ ट्रॅकवर एकच नमुना ठेवण्याचा हा वाङ्मयीन प्रकार आहे, म्हणून ही बहुस्वरता केवळ उच्चनीचतेची आहे, असे म्हणून थांबण्याचा मोह होतो. वर्गात हे सांगितले, तर विद्यार्थ्यांना ते चटकन पटेलही.

परंतु येथे मिखाईल बाख्तिन आडवा येतो. दोस्तोयेव्स्कीवरील त्याचा ग्रंथ १९२९ साली आणि त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती १९६३ साली प्रसिद्ध झाली. कॅरिल इमर्सन यांनी केलेले तिचे इंग्रजी भाषांतर १९८४ चे आहे. या ग्रंथातील दोन गोष्टी आपल्याकडे पुरेशा लक्षात घेतल्या जात नाहीत. पहिली अशी, की संगीतातून घेतलेली ही संज्ञा केवळ एक रूपक आहे, संगीत आणि कादंबरी यांची द्रव्येच इतकी भिन्न आहेत की याहून अधिक काही त्यातून काढू नये, असा इशारा बाख्तिनने स्वतःच दिला आहे. दुसरी गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. दोस्तोयेव्स्कीची पात्रे जवळजवळ एकाच भाषेत, म्हणजे लेखकाच्याच भाषेत बोलतात, असा आक्षेप टॉलस्टॉयसह अनेकांनी घेतला होता. बाख्तिन तो नाकारत नाही. दोस्तोयेव्स्कीच्या कादंबरीत बोलींचे आणि भाषाशैलींचे वैविध्य इतर अनेक लेखकांपेक्षा कमीच आहे, हे तो मान्य करतो आणि तरीही त्याच कादंबरीला बहुस्वरतेचा नमुना मानतो. सामाजिक भाषाभेदांच्या कादंबरीतील नांदण्याचा विचार त्याने १९३४-३५ मधील कादंबरीतील भाषेविषयीच्या दीर्घ निबंधात स्वतंत्रपणे केला. ती कल्पना वेगळी आहे.

म्हणजे नादाची जात एक असणे हा बहुस्वरतेच्या विरुद्धचा पुरावा होऊ शकत नाही. आणि जाती अनेक असणे हा तिच्या बाजूचा पुरावाही होऊ शकत नाही. या दुसऱ्या अर्ध्याचा विचार मराठीत अधिक काळजीपूर्वक करावयास हवा, कारण आपल्या समाजात 'आवाजाची जात' हे शब्द संगीतशास्त्रापुरते राहत नाहीत. बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ सालच्या कथासंग्रहाचे शीर्षकच ते सांगून जाते. ज्यांचा आवाज छापील पानावर कधी आलाच नव्हता, त्यांची बोली तिच्या मूळ पोतासह पानावर येणे, ही वाङ्मयेतिहासातली मोठी घटना आहे आणि तिचे मोल बहुस्वरतेच्या कसोटीवर ठरत नाही. परंतु ग्रामीण कादंबरीचे आपल्याकडे एक रुळलेले रूप असेही आहे, की ज्यात संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण भाषेत असते. पात्रांना आपापल्या जातीचा नाद असतो. पण ते नाद निवेदकाच्या हाताखालच्या ट्रॅकवर असतात. कोणी केव्हा वाजावे आणि केव्हा थांबावे, हे निवेदक ठरवतो आणि शेवटचा शब्दही त्याचाच असतो. बोली अनेक असूनही अशी कादंबरी एकस्वर असू शकते.

मग निर्णायक काय? बाख्तिनचे उत्तर, माझ्या शब्दांत सांगावयाचे तर, असे आहे : पात्राची जाणीव लेखकाच्या जाणिवेत विरघळलेली नसणे, आणि त्या जाणिवेने दुसऱ्याच्या शब्दाची दखल घेतच बोलणे. दोस्तोयेव्स्कीचा नायक बोलतो तेव्हा समोरचा काय म्हणेल याची धास्ती, त्याला आधीच दिलेले उत्तर, त्याच्यावरचा राग, असे सर्व त्या वाक्यात शिरलेले असते. हा 'स्वर' शब्दाचा तिसरा अर्थ होय : रोख. रोख असावयाला समोर कोणी तरी असावे लागते. या दृष्टीने 'मृत्युंजय'कडे पाहिले, तर तिच्याविषयीचे विधान बदलते. तिची भाषा एक आहे ही अडचण गौण आहे. तिचे सहा निवेदक एकमेकांना ऐकत नाहीत, ही खरी गोष्ट आहे. कुंती जे सांगते त्याने दुर्योधनाचे सांगणे अडखळत नाही. वृषालीच्या बोलण्याला कृष्णाच्या बोलण्यात उत्तर नाही. सर्वांची तोंडे कर्णाकडे आहेत आणि सर्वांचे साक्षीपुरावे मिळून कर्णाविषयीचा एकच निवाडा सिद्ध होतो. ही कादंबरीची उणीव आहे असे मी म्हणत नाही. मराठी वाचकांच्या पिढ्यांनी तिच्यावर प्रेम केले आहे आणि त्या एकाग्रतेतच तिचे बळ आहे. ती बहुस्वर आहे, एवढेच म्हणता येणार नाही.

हे निकष हाती आल्यावर आमचा प्रयोग मला पुन्हा वेगळा दिसू लागला. आठ ट्रॅकवरचे आठ स्वर एकत्र ऐकू येत होते, परंतु त्यांतल्या एकालाही दुसऱ्याची खबर नव्हती. पंचम आला म्हणून षड्ज बदलत नव्हता. आठांची एकत्र खबर असलेला घटक एकच होता, तो मार्गनियोजक. आणि त्याला फक्त कोण मोकळे आहे आणि कोण गुंतलेले आहे, एवढेच कळत होते. मूळ ध्वनिफितीवर मात्र याच्या उलट परिस्थिती होती. आई आणि आत्या एकाच पंचक्रोशीतल्या, दोघींची बोली एक, चाल एक, गळ्यांचे पोतही जवळजवळचे. नादाच्या जातीचा भेद तेथे नाममात्रच होता. परंतु आईच्या ओळीचा शेवटचा स्वर सरण्यापूर्वीच आत्या तो उचलते. उचलताना त्यात थोडा फेरफार करते. आणि आईची पुढची ओळ त्या फेरफारावरून निघते. खुंटा एक असल्यामुळे दोघींचे श्वास एका लयीत बांधलेले होते. त्या नणंद-भावजया होत्या. माहेर-सासरच्या ओव्यांत भावजयीने नणंदेविषयी आणि नणंदेने भावजयीविषयी जे म्हणावयाचे असते, ते येथे त्या एकमेकींच्या तोंडावर म्हणत होत्या, आणि ऐकून घेत होत्या. फितीवर एका ठिकाणी आई गाणे थांबवून हळूच म्हणते, "वन्सं, घ्या आता." आत्या लगेच घेत नाही. जाते दोन फेरे नुसतेच फिरते. मग ती घेते, आणि आईला अपेक्षित असलेली ओवी न घेता दुसरीच घेते. आई हसल्याचा आवाज फितीवर आहे.

सॅम्पलरला यातले काही चालण्यासारखे नव्हते. नमुना निर्मळ हवा, म्हणजे त्यात दुसरा आवाज नको. दुसरा आवाज असला, की स्वर चढवताना तोही चढतो आणि सारे गढूळ होते. भाच्याची निवड तांत्रिकदृष्ट्या अचूक होती. आत्या वाकलेली असतानाचीच तीन सेकंदे वापरण्याजोगी होती. तेव्हा वस्तुस्थिती अशी, की आठ स्वर मिळण्याची पहिली अट दुसरा आवाज नसणे ही होती. अनेकत्व निर्माण करण्यापूर्वी एकत्व तयार करावे लागले. मला वाटते, आपण समीक्षक ज्या तऱ्हेने अवतरणे निवडतो त्यातही पुष्कळदा असेच घडते. संहितेतून एखाद्या पात्राचे वाक्य आपण स्वच्छ कापून घेतो, ते ज्याला उद्देशून होते तो बाजूला पडतो, आणि अशी सहा वाक्ये ओळीने मांडून आपण संहिता बहुस्वर असल्याचे सिद्ध करतो. ओवीच्या अभ्यासाचेही तेच. माझ्या प्रबंधाच्या परिशिष्टातली प्रत्येक ओवी एका गायिकेच्या नावे नोंदलेली आहे. संकलनाची ती मान्य पद्धत होती आणि आजही आहे. त्या पद्धतीत पाळी नोंदवावयाला रकाना नसतो.

पाळी नोंदवण्याची दृष्टी आपल्या परंपरेला अपरिचित होती, असे मात्र नाही. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन मिळवल्या आणि नागदेवाचार्यांपुढे त्या पारखून घेतल्या. पुढे मूळ पोथी हरवल्यावर अनुयायांच्या स्मरणातून 'लीळाचरित्र' पुन्हा उभे करावे लागले, तेव्हा स्मरणे जुळेनात. महानुभावांनी त्यांचा एकच गुळगुळीत पाठ करून टाकला नाही. हिराइसेच्या पाठासारखे काही पाठ व्यक्तीच्या नावाने ओळखले जातात. एकीला असे आठवते, दुसऱ्याला तसे, हे संहितेच्या परंपरेत टिकून राहिले. येथे भाषा एक, श्रद्धा एक, विषयही एकच आहे. तरीही आवाज अनेक आहेत, कारण एकाचे स्मरण दुसऱ्याच्या स्मरणाला हरकत घेते आणि ती हरकत पुसली गेलेली नाही.

मिडीच्या इतिहासातही प्रत्येक स्वराला स्वतःचा चॅनेल देण्याची कल्पना वेळोवेळी डोके वर काढत आली आहे. मूळ प्रणालीच्या चार वादनरीतींपैकी एक तशीच होती आणि गिटारीच्या प्रत्येक तारेचे वळण स्वतंत्र राहावे म्हणून ती वापरली गेली. २०१८ साली अधिकृत झालेल्या एका विस्तारात प्रत्येक बोटाखालच्या स्वराला स्वतंत्र कंप, स्वतंत्र मींड देता येते. यंत्रे त्या दिशेने जात आहेत. परंतु स्वतंत्र असणे ही पहिली पायरी झाली. स्वतंत्र असलेल्याने दुसऱ्याचे ऐकून आपले वळण बदलणे, ही गोष्ट मिडीची तार सांगत नाही. ती पट्टीवर बसलेल्या वादकाकडून यावी लागते. कादंबरीत ती लेखकाकडून यावी लागते, आणि संशोधनात संशोधकाच्या कानाकडून.

म्हणून बहुस्वरतेचा दावा करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी अलीकडे तीन प्रश्न क्रमाने विचारावयास सांगते. संहितेत बोलणारे किती आहेत? त्यांच्या आवाजांची जात कोणती, आणि ती त्यांना कोणी दिली? आणि त्यांपैकी कोण कोणाचे ऐकून बोलत आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनुक्रमणिकेत मिळते, दुसऱ्यासाठी भाषेचा अभ्यास लागतो. तिसऱ्याचे उत्तर सुट्या अवतरणांतून मिळत नाही. त्यासाठी दोन वाक्यांमधली जागा वाचावी लागते. पहिल्या दोन प्रश्नांसाठी मराठीत 'बहुनिवेदकता' आणि 'बहुभाषिकता' असे सरळ शब्द उपलब्ध आहेत. ते वापरले, तर 'बहुस्वरता' ही संज्ञा तिसऱ्यासाठी मोकळी राहील. मराठी कादंबरीकडे या क्रमाने पाहिल्यास आज बहुस्वर म्हणून गणल्या जाणाऱ्या काही कृती त्या यादीतून गळतील, आणि ज्यांना आपण एकाच निवेदकाची साधी कथने समजत आलो, अशा काही कृतींचा त्या यादीत नव्याने विचार करावा लागेल. त्या दृष्टीने मांडणी होणे अगत्याचे आहे.